डबल बेल आणि बाबांचा हँडब्रेक

आमच्या बाहेरच्या खोलीत बसची घंटी बसवायची ही कल्पना माझी होती, हे मी सुरुवातीलाच कबूल करून टाकते. (आमच्या घरात काही मोडलं, सांडलं किंवा बिघडलं की चौकशी फिरत फिरत शेवटी माझ्यापाशीच येऊन थांबते. तेव्हा सगळ्यांचा वेळ वाचलेला बरा.)

खरं म्हणजे घंटी आणि मी यांचं कधीच जमलेलं नाही. मी जरा पटकन दचकते. टोस्टरमधून ब्रेड वर आला की मीही वर येते. फोन वाजला की आधी तो माझ्या हातून पडतो, मग मी तो उचलते आणि मग बोलते. घरचे लोक मला हाक मारण्याआधी नुसतं खोकून घेतात. अशा मुलीने आपल्या हाताने भिंतीत खिळा ठोकून पितळी घंटी टांगली, म्हणजे कारण तसंच मोठं असणार.

कारण होते बाबा.

बाबा बस चालवतात. बत्तीस वर्षं एकच डेपो आणि गेली एकोणीस वर्षं एकच मार्ग. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सेहेचाळीस थांबे, दोन तास दहा मिनिटं. ड्रायव्हरने मध्ये उतरायचं नाही, आणि उतरलाच तरी जायची सोय कुठे नाही. या दोन तास दहा मिनिटांचा बाबांना इतका अभिमान, की नवीन माणसाशी ओळख करून देताना ते आधी मार्गाचा नंबर सांगायचे आणि मग आमची नावं.

मग त्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, ग्रंथी काढली, तपासणीचा रिपोर्ट चांगला आला आणि डॉक्टर म्हणाले, आता काळजीचं कारण नाही. (असं कुणी म्हटलं की मी ताबडतोब काळजी करायला घेते. त्या पंधरा दिवसांत बाबांचं वजन दीड किलोने उतरलं आणि माझं तीन.) पण लघवीची नळी काढली तेव्हा कळलं, की बाबांचा ताबा गेलाय. खोकले की थेंबभर, शिंकले की त्याहून जास्त, आणि खुर्चीतून उठले की पॅड बदलायचं. डॉक्टर म्हणाले, पुष्कळांचं असं होतं, व्यायामाने परत जमतं, धीर धरायला लागतो.

धीर बाबांकडे होता, पण मोजका. डेपोने चार महिन्यांची सुट्टी दिली होती. सुट्टी संपली की चाचणी फेरी. खुद्द डेपो मॅनेजर गाडीत बसणार, पूर्ण मार्ग, चालकाने मध्ये कुठेही न उतरता. जमलं तर गाडी परत मिळणार. नाही जमलं तर हलकं काम, म्हणजे डेपोच्या मागे हरवलेल्या वस्तूंची खोली आहे तिथे टेबल. बाबांनी ती खोली बघितली होती. शंभरावर छत्र्या, एकेकटे बूट आणि बरणीत ठेवलेली एक कवळी.

"बत्तीस वर्षं माणसं पोचवली," बाबा म्हणाले. "आता त्यांच्या छत्र्या सांभाळत बसू?"

एका सकाळी मी जरा लवकर उठले, तर न्हाणीघराचं दार बंद, आतला नळ पूर्ण सोडलेला, आणि बाबा मोठमोठ्याने गुणगुणत होते. बाबा कधीच गुणगुणत नाहीत. मी दारावर टकटक केली.

"बाबा, काय करताय?"

"नळ दुरुस्त करतोय."

दाराच्या फटीतून साबणाचा फेस बाहेर येत होता. बाबा आपली चादर आपल्या हाताने धूत होते. मी गुपचूप अंथरुणात परत गेले, झोपल्याचं सोंग घेतलं आणि त्या सोंगातच ठरवून टाकलं, की काहीही होवो, बाबांना त्यांची गाडी परत मिळवून द्यायची.

व्यायाम शिकवायला हॉस्पिटलमध्ये एक मॅडम होत्या. अतिशय शांत बाई. त्यांच्या टेबलावर कमरेच्या हाडांचं प्लास्टिकचं मॉडेल होतं. त्यांनी दार लावलं, त्या आवाजाने मी दचकले, माझं कोपर लागलं आणि मॉडेलची दोन शकलं जमिनीवर पडली. "असू दे," मॅडम म्हणाल्या, "ते निघतंच." (ते निघत नव्हतं. पुढच्या वेळी त्याला चिकटपट्टी होती.)

"हे बघा काका, ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. ती आवळायची, पाच आकडे मोजेपर्यंत धरायची आणि सैल सोडायची. दहा वेळा, दिवसातून तीनदा."

"कुठली झोळी?"

"लघवी मध्येच थांबवताना जे आवळतो, ते."

"ते थांबत असतं तर मी इथे कशाला आलो असतो?"

"बरं. चारचौघांत बसलोय आणि गॅस धरून ठेवायचाय, तेव्हा कसं करतो?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. (चोवीस वर्षांत आम्हा बापलेकीचं या विषयावर कधी बोलणं झालं नव्हतं, आणि ते तिथेच सुरू करायची दोघांनाही घाई नव्हती.)

"किंवा असं समजा, आत एक लिफ्ट आहे. ती हळूहळू वर चाललीय. पहिला मजला, दुसरा मजला..."

"मॅडम, मी ड्रायव्हर आहे," बाबा नम्रपणे म्हणाले. "लिफ्टमन वेगळा असतो."

घरी बाबांनी मनापासून सुरुवात केली. भुवया आवळल्या, मुठी आवळल्या, जबडा आवळला, श्वास कोंडून कानापर्यंत लाल झाले. म्हणजे जे आवळायचं ते सोडून बाकी सगळं. मॅडमनी तर बजावलं होतं, की चेहरा सैल, मांड्या सैल, श्वास चालू. आणि यातली खरी गोची अशी, की हा व्यायाम बरोबर केला तर बाहेरून काहीच दिसत नाही. मी विचारायचे, "बाबा, केलं का?" बाबा पेपरमधून डोकं वर न काढता सांगायचे, "आत्ताच झालं." आता हे तपासायचं कसं? जोर-बैठका असत्या तर मोजल्या असत्या.

"अहो, जरा मन लावून करा," आई म्हणायची.

"मनच लावतोय. पण माझं मन तिकडे कधी गेलेलं नाही, त्याला रस्ता सापडायला नको?"

पाच आठवडे गेले. पॅड दिवसाला सहाच्या खाली येईनात. बाबा छत्र्यांबद्दल बोलेनासे झाले, आणि ते मला जास्त भीतीचं वाटलं.

अशा वेळी रविवारी कंडक्टरकाका भेटायला आले. हे बाबांच्याच गाडीवरचे कंडक्टर, एकोणीस वर्षांचे जोडीदार. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. गाडीत एक मागे, एक पुढे, आणि मध्ये सत्तर माणसं. त्यामुळे एकोणीस वर्षांत त्यांनी जे काही बोलून घेतलं ते घंटीवर. त्यांच्या डेपोत अजून दोरी ओढायच्या घंटीच्या जुन्या गाड्या आहेत. एक टोला म्हणजे थांब. दोन टोले, डबल बेल, म्हणजे चल.

काकांनी चहा ढवळला आणि चमचा कपावर एकदा आपटला. टिंग.

बाबांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला.

काकांनी चमच्याचा थेंब झटकला. टिंग टिंग.

बाबांचा डावा पाय दाबला गेला आणि हात गिअरकडे गेला. (गिअरच्या जागी आई बसली होती. ती म्हणाली, "अहो.") बाबांना यातलं काहीच कळलं नव्हतं, ते टोमॅटोच्या भावावर बोलत होते.

मी मात्र दचकले. आनंदाने दचकायचा माझा तो पहिलाच प्रसंग. मी मानसशास्त्रात बी.ए. केलंय, हे सांगायचं राहिलं. आमच्या पुस्तकात एका कुत्र्याचं प्रकरण होतं. त्याला रोज घंटी वाजवून खायला दिलं, आणि काही दिवसांनी नुसती घंटी वाजली तरी त्याला लाळ सुटायला लागली. त्या प्रश्नाला मला दहापैकी नऊ मार्क होते. (एक मार्क कशाचा गेला, ते पुढे कळलं.)

"काका," मी म्हटलं, "बाबांच्या डोक्याला कळत नाही, पण अंगाला घंटी कळते. एक टोला म्हणजे थांब, म्हणजे आवळायचं. डबल बेल म्हणजे चल, म्हणजे सोडायचं."

काकांनी थोडा विचार केला. "म्हणजे हँडब्रेक लावायचा आणि काढायचा."

"हँडब्रेक," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्यांना काय आवळायचंय ते कळलं होतं. "मग असं सरळ सांगा ना. लिफ्ट काय, झोळी काय."

दुसऱ्या दिवशी काका भंगारात काढलेल्या गाडीची घंटी दोरीसकट घेऊन आले. (रीतसर पावती करून, काका त्या बाबतीत कडक आहेत.) मी ती दाराजवळ टांगली आणि दोरी छताखालून थेट स्वयंपाकघरापर्यंत नेली, म्हणजे आईलाही ओढता यावी. आणि आमच्या घराचं वेळापत्रक सुरू झालं. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा. टिंग, पाच आकडे, टिंग टिंग. टिंग, पाच आकडे, टिंग टिंग.

खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा विचारून गेल्या, की तुमच्याकडे हल्ली इतके पाहुणे कोण येतात आणि एकही परत जाताना कसा दिसत नाही.

तिसऱ्या आठवड्यात पॅड चारवर आले, मग तीनवर. बाबा खोकून दाखवायला लागले. घरात आलेल्या माणसाला आधी पाणी आणि मग खोकून दाखवणं, असा क्रम झाला. मीही त्यांना सोबत म्हणून आवळायचे, आणि एक दिवस बघते तर स्वयंपाकघरात आई डोळे मिटून उभी.

"आई, तूसुद्धा?"

"तू झाल्यापासून मला मोकळेपणी शिंकायची चोरी आहे," आई म्हणाली. "चोवीस वर्षं. तेव्हा नाही कुणी घंटी टांगली."

दहाव्या आठवड्यात पॅड एकावर आलं, तेही नुसतं भरवशाला. मॅडमनी तपासून "फारच सुंदर" असा शेरा दिला. घंटीचं आम्ही त्यांना सांगितलं नाही. (मला त्यावर एक शोधनिबंध लिहायचा होता. शीर्षकही तयार होतं.) आमचं घर नुसतं हवेत तरंगत होतं.

चाचणीला नऊ दिवस उरले तेव्हा काका म्हणाले, "एकदा गाडीत बसून तर बघा. नुसते प्रवासी म्हणून."

बाबा खिडकीशी बसले, मी शेजारी. बदली ड्रायव्हर चालवत होता, त्यामुळे बाबांचं तोंड चालू होतं. "क्लच जाळतोय बघ. आरशात बघ रे राजा, आरसा काय भांग पाडायला दिलाय?" पहिला थांबा आला. टिंग. गाडी थांबली आणि बाबा ताठ बसले, एकदम ऐटीत. माणसं चढली. काकांनी दोरी ओढली. टिंग टिंग.

बाबा वाक्याच्या मध्येच गप्प झाले.

"काय झालं?"

"काही नाही."

दुसरा थांबा. टिंग. माणसं उतरली. टिंग टिंग. बाबांनी खिडकीचा गज घट्ट पकडला.

"बाबा?"

"पुढच्या थांब्याला उतरू या, पोरी." ते माझ्याकडे बघत नव्हते. "त्याने चल म्हटलं की माझंही चल होतंय."

मला ते पुस्तक आठवलं. कुत्रा. एक मार्क. बारा महिने तेरा काळ जी घंटी या माणसाला गाडीत ऐकायची आहे, तिच्या दोन टोल्यांवर सगळं सैल सोडायला मी त्याला दहा आठवडे, दिवसातून तीस वेळा, शिस्तीत शिकवलं होतं. आणि मार्गावर थांबे होते सेहेचाळीस.

आम्ही उतरलो. काकांना बिचाऱ्यांना काही कल्पना नव्हती. त्यांनी हात हलवला आणि गाडी सोडायला दोरी ओढली. टिंग टिंग. फुटपाथवर उभ्या असलेल्या बाबांनी शांतपणे डोळे मिटले.

घरी आम्ही चालत आलो. बाबांनी सगळा रस्ता पेपर उघडून समोर धरला होता, चालता चालता वाचणाऱ्या माणसासारखा. घरी आल्यावर मी रडायला लागले. माझ्यामुळे झालं, मी शिकवलं, मला नऊ मार्क देणाऱ्या बाईंचीही यात चूक आहे, असं बरंच काही बोलले.

"रडू नकोस गं," बाबा म्हणाले. "छत्र्या तरी कोरड्या असतात."

त्यावर मी आणखीच रडले.

मग डोळे पुसून मॅडमना फोन केला आणि घंटीसकट सगळं सांगितलं. पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. (बहुधा ते मॉडेल.)

"एवढ्या वर्षांत असा प्रकार मी ऐकला नाही," त्या अखेर म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, पण मुद्दाम शांत ठेवलेला. "हे बघा, उठायच्या आधी, खोकायच्या आधी, जोर लावायच्या आधी आवळायचं, हे काकांना जमतंय ना? तेवढंच पकडा. आणि कृपा करून नवीन काही शोध लावू नका."

मी फोन ठेवला. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "डबल बेल झाली की यांचा डावा पाय काय करतो?"

"क्लच दाबतो."

"मग पाय दाबतानाच हँडब्रेक आवळायचा."

बाबांच्या चेहऱ्यावर बत्तीस वर्षांची नोकरी उभी राहिली. "हँडब्रेक लावून गाडी कशी निघेल?"

"गाडीचा सोडा," आई म्हणाली. "तुमचा धरा."

नऊ दिवस आमच्या बाहेरच्या खोलीतून बस सुटत होती. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ही सीट, मोठ्या पातेल्याचं झाकण हे स्टिअरिंग, डाव्या पायाखाली भांडी घासायचा जाड स्पंज हा क्लच. आई आतून दोरी ओढायची. टिंग टिंग, स्पंज दाबला, आवळलं, पहिला गिअर, गाडी सुटली, सैल. पहिल्या दिवशी बाबांनी तीन विजारी बदलल्या. चौथ्या दिवशी एक. आणि पाचव्या दिवशी मला खरा शोध लागला. बाबा नीट आवळतात तेव्हा त्यांचा डावा कान किंचित वर सरकतो. आता कुणाला काही विचारायची गरज नव्हती. मी पाठीमागे बसून कान बघायचे आणि वहीत खूण करायचे.

"किती?" आई आतून विचारायची.

"चाळीसपैकी एकोणचाळीस."

"चाळिसावा कुठे गेला?"

"शिंक आली होती," बाबा म्हणायचे. "ती धरायची नाही."

चाचणीच्या सकाळी मी गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या आसनावर बसले, आसन क्रमांक दोन. मांडीवर निळी पिशवी. तिच्यात बाबांच्या विजारीच्याच रंगाच्या दोन विजारी, टॉवेल आणि पॅडचं पाकीट. बाबांनी आदल्या दिवशीच ताकीद दिली होती. "मला ओळख द्यायची नाही. घरचं माणूस सोबत आणलंय असं साहेबांना कळलं, तर म्हणतील याला अजून सांभाळायला लागतं." काकांनीसुद्धा मला कोरड्या आवाजात विचारलं, "कुठे?" आणि पुऱ्या पैशांचं तिकीट फाडलं.

डेपो मॅनेजर दाराजवळच्या एकेरी आसनावर बसले. बारीक अंगाचे, टाय लावलेले, एका हातात पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेला चाचणीचा तक्ता आणि दुसऱ्या हातात चहाचा भलामोठा थर्मास. माणूस वाईट नव्हता, पण नियम पाठ असलेला होता.

टिंग टिंग.

कान हलला. गाडी सुटली. बाबांच्या विजारीला काही झालं नाही. मला मात्र दरदरून घाम फुटला.

दुसरा थांबा, कान. पाचवा, कान. बाराव्या थांब्यावर खड्डा आला, मी सीटवरून उडाले आणि शेजारच्या आजोबांचा दंड पकडला. ते म्हणाले, "पहिल्यांदाच बसताय का बसमध्ये?" विसाव्या थांब्यापर्यंत माझे डोळे इतके भरून आले होते की कान दिसेनासा झाला, चष्मा पुसायला लागला. साहेबांनी थर्मासमधून दुसरा कप ओतला आणि तक्त्यात काहीतरी चांगलं लिहिलं असावं, कारण त्यांनी मान डोलावली.

एकतिसाव्या थांब्यानंतर रस्ता खणलेला होता. पुढे गाड्यांची रांग, मागे गाड्यांची रांग. दहा मिनिटं झाली. साहेबांनी तिसरा कप घेतला. पंचवीस मिनिटं झाली. मी पिशवीची चेन अर्धी उघडून ठेवली. बाबा आरामात बसले होते, खांदे सैल, श्वास चालू, एखाद्या पुस्तकातल्या चित्रासारखे. पस्तिसाव्या मिनिटाला रांग हलली आणि साहेबांनी पायावर पाय टाकला. थोड्या वेळाने तो काढून दुसरा टाकला.

"ड्रायव्हर, पुढे पेट्रोल पंप आहे ना?"

"आहे साहेब. पण डिझेल भरपूर आहे."

"तसं नाही. जरा घ्या तिथे."

बाबांनी समोरून नजर हलवली नाही. "साहेब, मध्ये थांबायचं नाही असं पत्रक आहे."

"माहितेय. मीच काढलंय."

"सही आहे तुमची."

"अहो, सही आहे म्हणूनच सांगतोय," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज शेवटी जरा वर गेला.

बाबांनी गाडी पंपावर घेतली. साहेब टाय खांद्यावर टाकून धावले. एवढा चपळ अधिकारी मी आजवर पाहिलेला नाही. काकांनी बाबांना हळूच खुणावलं, की तुम्हीही जाऊन या. बाबांनी नकारार्थी मान हलवली. ड्रायव्हरने सीट सोडायची नाही. नऊ मिनिटं ते तसेच बसून राहिले, सत्तर प्रवाशांच्या शिव्या ऐकत, आणि मला वाटतं त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची नऊ मिनिटं असावीत.

शेवटचा थांबा. प्रवासी उतरले. बाबा उठले, वळले. विजार इस्त्री केल्यासारखी. मी पिशवी छातीशी धरून उतरायच्या बेतात होते, तेवढ्यात बघितलं तर साहेबांचं पेन एका रकान्यावर अडकलं होतं. मध्ये थांबा घेतल्यास, कोणाच्या गरजेसाठी.

चालकाच्या, असं लिहिलं तर बाबा नापास. स्वतःच्या, असं लिहिलं तर तक्ता वरच्या ऑफिसात जाणार आणि साहेब निवृत्तीपर्यंत चेष्टेचा विषय होणार. रकाना कोरा ठेवला तर चाचणी पुन्हा.

"प्रवाशाच्या गरजेसाठी थांबलं तर चालतं साहेब," काका म्हणाले. "नियमात आहे."

"कुठल्या प्रवाशाच्या?"

तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी मागे वळून बघितलं. मागे काच होती.

"ताई," साहेब म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर..."

मी अशी दचकले की पिशवी हातातून सुटली. विजारी पसरल्या, टॉवेल उलगडला आणि पॅडचं पाकीट घरंगळत साहेबांच्या बुटाशी जाऊन थांबलं. साहेबांनी ते उचललं, त्यावरचं नाव वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अपार दया पसरली.

"म्हणजे तुम्हाला त्रास आहेच," ते हळुवारपणे म्हणाले. "मग हे खोटं लिहिल्यासारखंही होत नाही."

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला फेस दिसला, दाराच्या फटीतून येणारा. मी होकारार्थी मान हलवली.

"वय?"

"चोवीस."

"अरेरे," साहेब म्हणाले आणि लिहायला लागले. "आसन क्रमांक दोन, महिला प्रवासी, चष्मा, निळी पिशवी. नैसर्गिक गरज, आवर घालण्यास असमर्थ." मग एक खालचा रकाना. "प्रवासी कर्मचाऱ्यांपैकी कुणाची नातेवाईक नाही ना?"

"नाही साहेब," बाबा म्हणाले. जराही अडखळले नाहीत. "आजच बघतोय."

साहेबांनी बाबांना उत्तीर्ण केलं, तक्त्यावर सही केली आणि उतरता उतरता मला बाजूला घेतलं. "एक व्यायाम असतो, ताई. मलाही डॉक्टरांनी सांगितलाय. पण आवळायचं नेमकं काय, तेच कळत नाही." माझ्या अगदी ओठांवर घंटी आली होती. कंडक्टरकाकांनी माझ्या पायावर पाय दिला.

तर अशी बाबांना गाडी परत मिळाली. तक्त्याची प्रत डेपोच्या फलकावर लागली आणि सगळ्या कंडक्टरांनी ती वाचली. तक्त्यात एकदा नातेवाईक नाही असं लिहून गेल्यामुळे गाडीत आम्ही आता अनोळखी आहोत, आणि बाबा हा नियम पत्रक असल्यासारखा पाळतात.

परवा मी त्यांच्याच गाडीत चढले. काकांची सुट्टी होती. बदलीवर एक कंडक्टर ताई होत्या. त्यांनी माझा चष्मा बघितला, निळी पिशवी बघितली, दोरीवर ठेवलेला हात काढून घेतला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल इतक्या मायेने विचारलं, "ताई, जाऊन आलात ना?"

सत्तर माणसांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी घाईघाईने हो म्हटलं आणि आधारासाठी समोरच्या मोठ्या आरशात बघितलं. आरशातून जन्मदाते वडील माझ्याकडे बघत होते.

"खात्री करून बसा, बाई," ते म्हणाले. "ही गाडी मध्ये थांबत नाही."